घरचें पुस्तक : तेरावी मुलगी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. एरवीं आईबाप विचारतात तें, मुलांनीं काय वाचूं नये. सुटींत आजी-आजोबा विचारतात, मुलांना काय वाचून दाखवावें. दुसरा प्रश्न आम्हांस नेहमींच अधिक शहाणपणाचा वाटत आला आहे. यंदां एका वाचकभगिनींनीं त्या प्रश्नास एक अट जोडली आहे. घरांत अकरा ते सोळा वर्षांचीं पांच मुलें आहेत. धाकट्यांना जादू हवी, थोरल्यांना खरें जग हवें, आणि रात्रीं वाचणारें माणूस मात्र एकच आहे. तेव्हां दोघांनाही पुरेल असें एक पुस्तक सुचवावें.

असें एक पुस्तक आम्हीं गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं वाचलें. रोज जेवणें आटोपल्यावर एक प्रकरण इंग्रजींत वाचावें आणि लगोलग मराठींत सांगावें, असा क्रम होता. त्या पुस्तकाचा परिचय आज करून देतों. त्यांत एक मोठें वैगुण्य आहे, तेंही सांगतों. कारण वैगुण्य ओळखून वाचलें तर हें पुस्तक दुप्पट शिकवितें, असा आमचा अनुभव आहे.

पुस्तकाचें नांव 'थर्टीन्थ चाइल्ड', म्हणजे 'तेरावें अपत्य'. लेखिका पॅट्रिशिया रीडी या १९५३ सालीं शिकागोस जन्मल्या आणि पुढें मिनेसोटा राज्यांत स्थायिक झाल्या. पुस्तक २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचे पुढचे दोन भाग २०११ व २०१२ सालीं निघाले. भाषा सोपी, घरगुती, एका मुलीनें आपली हकीकत सांगावी तशी आहे.

गोष्ट ज्या काळाच्या धर्तीवर रचली आहे त्याविषयीं दोन शब्द आधीं सांगणें अवश्य आहे. १८६२ सालच्या मे महिन्यांत अध्यक्ष लिंकन यांनीं 'होमस्टेड' कायद्यावर सही केली. त्या कायद्यानें, जो कोणी १६० एकर जमीन घेऊन तेथें पांच वर्षें राहील, घर बांधील आणि जमीन कसील, त्यास ती किरकोळ फी भरून कायमची मिळूं लागली. पूर्वेकडील आणि युरोपांतून आलेलीं हजारों कुटुंबें गाड्यांत संसार भरून पश्चिमेस निघालीं. जेथें लांकूड नाहीं तेथें गवताळ मातीचीं ढेकळें कापून त्यांनीं घरें रचलीं. थंडी, वणवा, टोळधाड, आजार यांशीं झुंजत त्यांनीं शेतें उभीं केलीं. या आद्य वसाहतकारांच्या जीवनावर अमेरिकेंत मुलांसाठीं पुष्कळ कादंबऱ्या झाल्या. लॉरा इंगल्स वाइल्डर यांची 'लिटल हाउस' माला, जिचें पहिलें पुस्तक १९३२ सालचें, ती त्यांत सर्वांत प्रसिद्ध होय.

रीडीबाईंनीं याच जगांत चिमूटभर जादू मिसळली आहे. त्यांच्या देशाचें नांव कोलंबिया. आपण जिला मिसिसिपी म्हणतों ती नदी येथें 'मॅमथ नदी' आहे, आणि तिच्या कांठानें एक अदृश्य मंत्रतट उभारलेला आहे. तटाच्या पलीकडे लांब केसांचे प्रचंड हत्ती, म्हणजे मॅमथ, कळपांनीं हिंडतात. वाफ सोडणारे ड्रॅगन आकाशांत फिरतात. तरीही धाडसी लोक नदीपलीकडे वसाहती करतात, आणि प्रत्येक वसाहतीस श्वापदें व कीड दूर ठेवण्यासाठीं एक मंत्रज्ञ नेमावा लागतो. जादू येथें चमत्कार नसून एक कसब आहे. शाळेंत अंकगणितासारखी ती शिकवितात. स्वयंपाकघरांत, शेतांत, कुंपणावर ती रोज वापरतात. तिच्या निरनिराळ्या परंपराही आहेत : युरोपीय पद्धतींत एकेकट्यानें मंत्र रचावयाचा, चीनकडील पद्धतींत अनेकांनीं मिळून, आणि आफ्रिकी पद्धतींत, जी शक्ति आधींच वस्तूंत वाहत आहे ती ओळखून तिला हळूच वळवावयाचें. वेताळपंचविशी आणि सिंहासनबत्तिशी ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या, त्या घरानें असल्या जादूस भिण्याचें कारण नाहीं.

आतां गोष्ट. रॉथमर नांवाच्या प्राध्यापकांचें कुटुंब मोठें, चौदा मुलांचें. शेवटचीं दोन जुळीं : एफ ही मुलगी तेरावी आणि लॅन हा मुलगा चौदावा. लॅन हा सातव्या मुलाचा सातवा मुलगा; त्या समाजाच्या समजुतीप्रमाणें अशा मुलाच्या अंगीं अद्भुत शक्ति असते, म्हणून तो साऱ्या नातलगांचा लाडका. आणि एफ तेरावी. तेराव्या अपत्याच्या पायीं घराचें व गांवाचें वाटोळें व्हावयाचें, अशीही समजूत. मग दूध नासलें, कोणी पडलें, कोणाचें कांहीं हरवलें, कीं चुलतभावंडें व काका-मामा या चिमुरडीकडे बोट दाखवितात. आईबाप शहाणे आहेत. पण सख्ख्या माणसांचीं तोंडें धरतां येत नाहींत. अखेर वडील सरहद्दीवरील मिल सिटी नांवाच्या गांवीं नव्या कॉलेजांत जादूच्या प्राध्यापकाची जागा पत्करतात आणि धाकट्या मुलांना घेऊन दूर निघून जातात. तेथें मुलीचा आंकडा कोणास ठाऊक नाहीं.

परंतु मुलीस तो ठाऊक आहे, आणि हेंच या पुस्तकाचें मर्म. गांव बदललें तरी एफच्या मनांतील भीति बदलत नाहीं. आपल्या हातून एके दिवशीं कांहीं तरी भयंकर घडणार, या धास्तीनें ती स्वतःस सतत आवरून धरते. वर्गांत तिचे मंत्र फसतात. तें अंगीं शक्ति नाहीं म्हणून नव्हे, तर स्वतःच्या शक्तीची तिला भीति वाटते म्हणून. आफ्रिकी विद्या शिकविणाऱ्या मिस ओचिबा या बाई तिला हळूहळू एकच गोष्ट अनेक बाजूंनीं पाहावयास शिकवितात. त्यांचा सारा उपदेश त्यांत आला. पुस्तकांतील दुसरी थोर व्यक्ति म्हणजे घोड्यावरून वसाहतींची फेरी करणारे मंत्रज्ञ वॉशिंग्टन मॉरिस. हीं दोन्ही माणसें कृष्णवर्णी आहेत, आणि त्यांच्याकडून एफला जें मिळतें तें तिच्या गोऱ्या काका-मामांना कधींच देतां आलें नसतें.

उत्तरार्धांत वसाहतींवर कीड पडते. आरशासारखें चकाकणारें अंग असलेले हे किडे पिकें फस्त करतात. ज्या मंत्रांनीं वसाहतीचें रक्षण व्हावें, त्यांवरच हे किडे पोसले जातात. आणि जादू वर्ज्य मानणाऱ्या 'बुद्धिवादी' मंडळींची वसाहत, जेथें एफची थोरली बहीण पळून जाऊन संसार करते आहे, ती तेवढी हिरवी राहते! हा प्रसंग वाचतांना आम्हीं मुलांस खरा इतिहास सांगितला. मिनेसोटांत १८७३ पासून १८७७ पर्यंत लागोपाठ टोळधाडी आल्या, शेतकरी देशोधडीस लागले. वाइल्डरबाईंच्या १९३७ सालच्या पुस्तकांत त्यांचें वर्णन आहे. आणि आश्चर्य असें कीं, आकाश झांकून टाकणारी ती टोळांची जात पुढें समूळ नष्ट झाली. १९०२ नंतर तींतील एकही जिवंत टोळ सांपडलेला नाहीं. कादंबरींतील किडीचा शेवट कसा होतो तें मात्र आम्ही येथें सांगत नाहीं. त्यांत एफचा हात आहे, इतकेंच सांगून ठेवतों.

आतां आमच्या घरांत काय झालें तें सांगतों. तिसऱ्या कीं चवथ्या रात्रीं आमची अकरा वर्षांची पुतणी बोटांवर कांहीं मोजीत बसली होती. मध्येंच म्हणाली, “काका, सगळीं मिळून चौदा, आणि लॅन सातवा मुलगा. मग उरलेल्या सात मुली. त्यांत एफ शेवटची. म्हणजे ती सातवी मुलगीच कीं! मग तिला तेरावी कां म्हणायचें?”

आम्ही हंसलों, आणि मग हंसूं थांबलें. हिशेब बिनचूक होता. सात हा आंकडा शुभ, तर तो या मुलीच्याही वांट्यास आला होता. परंतु मुलग्यास मोजतांना मुलगे मोजले, आणि मुलीस मोजतांना सर्वांनाच मोजलें. आंकडा आकाशांतून पडत नाहीं; कोठून मोजावयाचें तें माणसेंच ठरवितात.

आमच्या आत्याबाई ऐंशी ओलांडलेल्या आहेत. बत्तीस वर्षें त्यांनीं शाळेंत गणित शिकविलें. त्या रात्रीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं मुलें जमल्यावर मात्र पुस्तक उघडण्यापूर्वीं त्यांनीं आपण होऊन सांगितलें. त्यांचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. त्या तीन वर्षांच्या असतांना वडील विषमज्वरानें गेले, आणि घरांत कारण म्हणून ज्वराऐवजीं मुलीचें नांव घेतलें गेलें. पुढें पत्रिका घरोघरीं जाऊन परत येत राहिली, कारण मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्यास जड. “मला कोणी मारलें नाहीं, उपाशी ठेवलें नाहीं,” त्या म्हणाल्या, “पण कोणी परगांवीं निघालें कीं मी आपण होऊन माजघरांत जाऊन बसत असें, कोणी सांगण्याची वाट पाहात नसें. लोकांचें बोलणें मी केव्हांच विसरलें. पण तें मी स्वतः खरें मानीत होतें, हें कांहीं विसरवत नाहीं.”

साठ-सत्तर वर्षें एका छपराखालीं राहून हें आम्हांपैकीं कोणास ठाऊक नव्हतें. अमेरिकेंतील एका कल्पित मुलीनें आमच्या घरांतील एका खऱ्या मुलीचें तोंड उघडलें. पुस्तकापासून याहून अधिक काय मागावें?

आपल्याकडे तेराच्या आंकड्यास 'दुष्काळांत तेरावा महिना' या म्हणीनें बदनाम केलें आहे. पण त्याच तेराव्या महिन्याची दुसरीही कथा आपल्या आजीबाई सांगत आल्या आहेत. अधिक मासास कोणी देवता वाली नव्हता. मलमास म्हणून सारे त्यास हिणवीत. तेव्हां भगवंतांनीं त्यास आपलें स्वतःचें नांव दिलें आणि तो पुरुषोत्तम मास झाला. ज्या महिन्यांत जांवयास तेहतीस अनारशांचें वाण मिळतें त्यास अशुभ म्हणण्याची छाती कोणत्या जांवयास होईल? सांगावयाचें इतकेंच कीं, नाकारलेल्यास नांव देऊन आपलेंसें करावें, ही शिकवण आपल्यास परकी नाहीं. आपण ती महिन्यास लागू केली आणि मुलींस लागू करावयास विसरलों. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं जिल्हा परिषदेनें शोध घेतला, तेव्हां 'नकुशी' म्हणजे नकोशी हें नांव घेऊन शाळेंत जाणाऱ्या अडीचशेंहून अधिक मुली सांपडल्या. त्यांना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. हें कांहीं पणजोबांच्या काळचें नव्हे. आणि नांव कागदावर बदललें म्हणजे मनांतून तत्काळ जातें असें नाहीं, हें एफची गोष्ट वाचणारास सांगावयास नको.

येथवर पुस्तकाची स्तुति झाली, आतां वैगुण्य. तें आमच्या लक्षांत आलें तेंही एका मुलामुळेंच. आमचा तेरा वर्षांचा भाचा सुटीसाठीं आला होता. नकाशा पुढ्यांत घेऊन त्यानें विचारलें, “मामा, नदीच्या पलीकडे नुसते हत्ती आणि ड्रॅगनच? माणसें कोणीच राहात नव्हतीं?”

खऱ्या अमेरिकेंत राहात होतीं; हजारों वर्षें राहात होतीं. कादंबरींत मात्र तीं नाहींत. आशिया खंडांतून माणूस त्या भूमीवर कधीं पोंचलाच नाहीं, अशी लेखिकेची कल्पना आहे. मॅमथ नाहींसे होण्यास हवामानाबरोबर मानवी शिकारही कारण झाली असें अनेक शास्त्रज्ञ मानतात. तेव्हां माणूस काढून टाकला कीं मॅमथ जिवंत राहतो, हा तर्क सुबक आहे. परंतु त्या सुबक तर्कांत शेंकडों मूळ राष्ट्रें एका फटक्यासरशीं पुसलीं गेलीं. पुस्तक निघालें त्याच वर्षीं अनेक वाचकांनीं, विशेषतः मूळ रहिवाशांच्या वंशजांनीं, याबद्दल तीव्र दुःख व्यक्त केलें, आणि आमच्या मतें तें रास्त होतें.

रास्त अशासाठीं कीं, ही कल्पना नवी नाहीं. 'जमीन मोकळी होती' हेंच तर पूर्वीं घडलेल्या अन्यायाचें समर्थन होतें. कादंबरींतील 'मिल सिटी' हें मिनियापोलिस शहराचें जुनें टोपणनांव. त्याच परिसरांत डाकोटा लोक राहात. १८५१ च्या तहांनीं त्यांची बहुतेक भूमि गेली. ठरलेले पैसे १८६२ च्या उन्हाळ्यांत वेळेवर आले नाहींत. उपासमार झाली, युद्ध पेटलें. त्या वर्षीं २६ डिसेंबर रोजीं मॅनकेटो येथें ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळीं फांशीं देण्यांत आलें. सुमारें सोळाशें लोकांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध होते, फोर्ट स्नेलिंग येथें त्या हिवाळ्यांत कोंडून ठेवण्यांत आलें आणि पुढच्या वर्षीं राज्याबाहेर घालविण्यांत आलें. होमस्टेडचा कायदा १८६२ चाच, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. एका हातानें १६० एकर वांटले जात असतां दुसऱ्या हातानें काय होत होतें, तें मोकळ्या भूमीच्या गोष्टींत दिसत नाहीं.

वाइल्डरबाईंच्या १९३५ सालच्या 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' मध्येंही प्रारंभीं त्या मुलुखाचें वर्णन अशा शब्दांत होतें कीं, तेथें इंडियन तेवढे राहतात, माणसें राहात नाहींत, असा अर्थ व्हावा. एका वाचकाच्या पत्रानें ही गोष्ट उघडकीस आली. बाईंनीं आपली चूक कबूल केली, आणि १९५३ च्या आवृत्तींत 'माणसें' या शब्दाच्या जागीं 'वसाहतकार' हा शब्द आला. एक शब्द बदलावयास अठरा वर्षें लागलीं.

भाच्यास आम्हीं आणखी एक गोष्ट दाखविली. मिसिसिपी हें नांव ओजिब्वे लोकांच्या भाषेंतील; त्याचा अर्थ मोठी नदी. कादंबरींत ती 'मॅमथ नदी' कां झाली? कारण तिला मिसिसिपी म्हणणारें कोणी उरलेंच नाहीं. माणसें पुसलीं कीं नद्यांचीं नांवेंही पुसावीं लागतात. ज्या लेखिकेनें एका मुलीची चुकलेली मोजणी एवढ्या मायेनें दुरुस्त केली, तिनेंच एका अख्ख्या जनसमूहास मोजावयाचें सोडून दिलें. तिच्या मनांत वैर होतें असें आम्हांस वाटत नाहीं. मोजणी चुकण्यास वैर लागत नाहीं, नजर न जाणें पुरेसें होतें. हें आत्याबाईंच्या बाबतींत आम्हांसही मान्य केलेंच पाहिजे.

म्हणून या पुस्तकाबरोबर दुसरें एक पुस्तक घरांत आणावें, असा आमचा आग्रह आहे. लुईझ अर्ड्रिक या लेखिकेचें 'द बर्चबार्क हाउस' १९९९ सालीं निघालें. अर्ड्रिकबाई मातृकुळाकडून ओजिब्वे आहेत. कथा १८४७ सालची, लेक सुपीरियर या महासरोवरांतील एका बेटावरची. नायिका ओमाकायस सात वर्षांची आहे. वर्षाचे चार ऋतु, भूर्ज झाडाच्या सालीचें घर, मेपलच्या रसाची साखर, आजीची औषधी विद्या, खोडकर धाकटा भाऊ, हें सारें वाचतांना एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलांस परकें वाटत नाहीं. जादूही आहे, पण मंत्रतटाची नव्हे. ओमाकायसला अस्वलें भेटतात, आणि त्यांचें मौन तिला समजतें, इतकीच. हिवाळ्यांत देवीची सांथ येते व घरांतील एक लहान जीव जातो. वाचणारानें तेथें आवाज सांवरण्याची तयारी ठेवावी. ओमाकायस स्वतः मात्र आजारी पडत नाहीं, उलट सर्वांची शुश्रूषा करते. त्याचें कारण शेवटीं कळतें आणि तें तिच्या जन्माच्या गोष्टीशीं निगडित आहे. कोणी अशा मुलीस 'सर्वांना मारून उरलेली' म्हटलें असतें. तिच्या माणसांनीं मात्र ती वांचली याचा अर्थ निराळा लावला.

वाचकभगिनींस आमचें उत्तर असें आहे. पहिलें पुस्तक बारा वर्षांवरील मुलांसाठीं, दुसरें दहापासून पुढें. दोन्ही एकाच सुटींत वाचावीं. आधीं रीडीबाईंचें, मागाहून अर्ड्रिकबाईंचें. मध्यें नकाशा पसरून ठेवावा आणि नद्यांचीं नांवें मुलांकडून शोधवावीं. वाचतांना मुलें बोटें मोजूं लागलीं तर त्यांस 'गप्प बसा' म्हणूं नये. आणि घरांतील एखादें वडील माणूस एखाद्या प्रकरणानंतर गप्प झालें, तर दुसऱ्या दिवशीं पुस्तक उघडण्याची घाई करूं नये, थोडें थांबावें.